वाड्याच्या मागची गोष्ट

एखादी गोष्ट गाजली की पुढे काय झालं, हे विचारायला माणसं रांग लावतात. आधी काय झालं होतं, हे विचारणारे पूर्वी थोडे असायचे; आता तेही पुष्कळ झालेत. यवतमाळच्या कॉलेजातली पोरं मोबाइलवर जपानी मांगा वाचतात, मारधाडीच्या मालिकांमधली एकेक झुंज त्यांना तोंडपाठ असते, आणि त्यांच्यात एक वाद कायम चालू असतो: मालिकेच्या आधीची म्हणून जी गोष्ट नंतर आली, ती मुळाच्या तोडीची आहे का? मला हा वाद पोरकट वाटत नाही. आपल्याच जिल्ह्याच्या मातीतून निघालेल्या एका मोठ्या नाट्यकृतीला तो लागू पडतो. महेश एलकुंचवारांची ‘वाडा चिरेबंदी’, ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ ही तीन नाटकं ओळीने वाचायला घेणाऱ्यांसाठी ही प्रस्तावना आहे, आणि तिची सुरुवात मी मुद्दाम त्या पोरांच्या वादापासून करतो.

त्यांच्या बोलण्यात हमखास येणारं नाव ‘जुजुत्सु कायसेन’चं. गेगे अकुतामी या चित्रकथाकाराची चार प्रकरणांची एक छोटी कथा 2017 मध्ये आली. युता ओक्कोत्सु नावाचा मुलगा, शाप होऊन त्याला चिकटलेली त्याची मेलेली बालमैत्रीण, आणि अशा शापांशी झुंजायला शिकवणारी टोकियोतली शाळा. पुढल्या वर्षी त्याच शाळेवर मोठी मालिका सुरू झाली, नायक मात्र दुसरा. मालिका चालली, तशी ती जुनी चार प्रकरणं ‘शून्य’ असा क्रमांक लावून पुस्तकात आली आणि 2021 च्या अखेरीस तिच्यावर सिनेमाही निघाला. म्हणजे लेखकाने जे आधी लिहिलं ते बहुतेकांनी नंतर वाचलं, आणि ‘मागची गोष्ट’ ही ओळख त्या कथेला ती लिहून झाल्यावर चिकटली. लिहिताना तिला कशाचीच मागची बाजू भरून काढायची नव्हती. ती आपल्या पायावर उभी राहते याचं मोठं कारण मला हेच वाटतं. मुळाचं यश बघून, त्यातले कोपरे शोधून शोधून भरलेल्या मागच्या गोष्टी पुष्कळ निघतात. अमुक नायकाला ती खूण कशी पडली, तमुक तलवार कुठून आली. त्या वाचताना हिशेबाची वही तपासल्यासारखं होतं, सगळं जुळतं आणि काहीच घडत नाही.

मराठीत असा उलटा प्रवास सगळ्यात ठळक दिसतो तो सिनेमात. दिग्पाल लांजेकरांचा ‘फर्जंद’ 2018 मध्ये आला, त्यात कोंडाजी फर्जंदने 1673 मध्ये घेतलेला पन्हाळा होता. पुढल्या वर्षीच्या ‘फत्तेशिकस्त’मध्ये 1663 चा लाल महाल. मग 2022 मध्ये दोन: ‘पावनखिंड’ 1660 ची आणि ‘शेर शिवराज’ 1659 चा, अफझलखानाच्या वधाचा. दर सिनेमागणिक काळ मागे मागे. चिन्मय मांडलेकर चार वर्षांनी मोठे होत गेले आणि त्यांनी साकारलेले महाराज जवळजवळ चौदा वर्षांनी लहान होत गेले. कुणाला खटकलं नाही, कारण मराठी प्रेक्षक या गोष्टींना शेवट जाणून घ्यायला जातच नाही. चौथीच्या पुस्तकापासून त्याला सगळे शेवट माहीत असतात. ‘पावनखिंड’ मला या चौघांत सरस वाटतो, आणि त्याचं श्रेय लढाईच्या दृश्यांइतकंच बाजीप्रभूंच्या गोष्टीला द्यावं लागेल. ती गोष्ट आधीच्या दोन सिनेमांवर टेकून उभी राहत नाही. ते दोन्ही न पाहिलेल्यालाही ती पूर्ण मिळते.

शेवट ठाऊक असूनही माणूस मागे का जातो, याचं उत्तर आपल्याकडे फार जुनं आहे. महाभारत जनमेजयाला सांगितलं जातं. तो पांडवांचा पणतू, अभिमन्यूचा नातू. युद्ध कोण जिंकलं हे त्याला सांगावं लागत नाही, त्या जिंकण्यामुळेच तो गादीवर बसलेला आहे. तरी तो विचारतो, कारण सर्पसत्र मांडून तो स्वतःच एका सूडाच्या मधोमध उभा आहे. विचारणाऱ्याला गरज असली की मागची गोष्ट जिवंत होते. ग्रीकांकडेही सोफोक्लीसने ‘अँटिगनी’ आधी लिहिलं, सुमारे इसवी सनापूर्वी 441 मध्ये. कथेच्या क्रमाने ते शेवटचं. तिच्या बापाची मूळ गोष्ट, ‘राजा ईडिपस’, त्याने बारा-पंधरा वर्षांनी लिहिली, आणि बाप-लेकीच्या मधल्या काळाचं ‘कोलोनसचा ईडिपस’ त्याच्या मृत्यूनंतर रंगभूमीवर आलं. आज कुणी ‘राजा ईडिपस’ला ‘अँटिगनी’चा मागचा भाग म्हणत नाही. म्हटलं तर हसतील.

आता यवतमाळकडे.

एलकुंचवारांचा जन्म 1939 चा, घाटंजी तालुक्यातल्या पारव्याचा. शिक्षण आणि पुढचं सगळं आयुष्य नागपूरला. तिथे ते कॉलेजात इंग्रजी शिकवत. विजया मेहतांनी बसवलेलं तेंडुलकरांचं ‘मी जिंकलो मी हरलो’ पाहून नाटक लिहावंसं वाटलं, हे त्यांनी स्वतः अनेकदा सांगितलं आहे. ‘सुलतान’ ही एकांकिका ‘सत्यकथे’त आली, विजयाबाईंच्या नजरेत भरली, आणि मग ‘होळी’, ‘गार्बो’, ‘वासनाकांड’, ‘पार्टी’ अशी नाटकं येत राहिली. यांत वसतिगृहातली पोरं आहेत, फ्लॅटमधले पुरुष आहेत, मुंबईतल्या दिवाणखान्यात दारूचे ग्लास घेऊन उभे असलेले लेखक-कवी आहेत. या सगळ्यांना गाव असावं असं वाटतच नाही. आणि मग 1985 मध्ये, पहिल्या एकांकिकेनंतर दीडेक तपाने, विजयाबाईंच्याच दिग्दर्शनाखाली ‘वाडा चिरेबंदी’ उभं राहिलं: धरणगावचे देशपांडे, वऱ्हाडी बोली, माजघर, परसदार.

लेखकाच्या कारकिर्दीत ‘वाडा’ हीच मागची गोष्ट आहे, असं मी म्हणेन. ‘पार्टी’तल्या माणसांचे आईबाप कुठे राहत होते, ते घर कसं मोडलं आणि त्यातून उठून कोण शहरात आलं, हे सगळं इथे कळतं. देशपांड्यांचा मुलगा सुधीर मुंबईहून येतो तो त्याच शहरातून येतो. फरक इतकाच की आधीच्या नाटकांत त्याच्या पाठीमागे काळोख होता, इथे तो काळोख उजळला. आणि मुळाच्या तोडीचं आहे का, हा प्रश्न इथे लावून पाहिला तर उत्तर सोपं आहे: मागची गोष्ट मुळाच्या डोक्यावर पाय ठेवून वर गेली.

नाटकाचा पडदा उघडतो तेव्हा घरचे कर्ते तात्याजी गेलेले आहेत. सगळं नाटक त्यांच्या तेरवीपर्यंतच्या दिवसांत घडतं. गावजेवण घालायचं, खर्च कोणी करायचा, देशपांड्यांचं नाव राखायचं तर किती पानं उठवायची, आणि हातात पैसा नाही. थोरला भास्कर आणि वहिनी घर धरून बसलेले. धाकटा चंदू लग्न न करता राबतो, त्याच्याकडे कुणी पाहत नाही. बहीण प्रभाला शिकायचं होतं, तिला शिकू दिलं नाही, आता ती घरातच विरत चालली आहे. म्हातारी दादी कोपऱ्यातून वेळ विचारत राहते. अंगणात ट्रॅक्टर गंजतो आहे. तो तात्याजींच्या काळातला, आणि त्याच्यावरून घरात जे बोललं जातं त्यातून हा माणूस कसा होता हे इतकं कळतं की तो रंगमंचावर आला असता तर उलट कमी कळलं असतं.

दागिन्यांचा प्रसंग सावकाश वाचावा. रात्रीची वेळ, घर झोपलेलं. भास्कर घराण्याच्या दागिन्यांची पेटी उघडतो आणि वहिनी एकेक दागिना अंगावर चढवते. दिवसभर चूल, पाणी, सासू, पाहुणे यांत पिचलेली बाई थोडा वेळ देशपांड्यांची सून दिसते. वाचणाऱ्याला एकाच वेळी तिचा हेवा, कीव आणि भीती वाटते. हे सोनं भास्करने घरातल्या बाकीच्यांपासून राखून ठेवलंय, प्रभाला त्यातून शिकायचंय, सुधीरला वाटा हवाय. आणि पुढे तेच सोनं घेऊन रंजू, भास्करची सिनेमावेडी मुलगी, शिकवणीच्या मास्तरबरोबर पळून जाते. ती परत येते, सोनं येत नाही. तीन पिढ्यांचा इतिहास त्या पेटीत आहे, पण एलकुंचवार तो सांगत बसत नाहीत. पेटी उघडते आणि रिकामी होते, एवढंच दिसतं.

मग या वाड्याला वेगळी मागची गोष्ट कशाला हवी? कुणी लिहायचीच म्हटली तर सामग्री भरपूर आहे. वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांकडे आलं, कापसाने पैसा आला, वतनं टिकली. 1956 पर्यंत विदर्भ मध्य प्रदेशात होता. मग 1958 चा विदर्भासाठीचा कुळकायदा आला, 1961 चा कमाल जमीनधारणा कायदा आला, आणि ज्यांची सावली सगळ्या शिवारावर पडायची त्यांचा सातबारा आखूड होत गेला. हे आखूड होणं तात्याजींच्या डोळ्यांपुढे झालं असणार. एखादा कादंबरीकार यातून सहाशे पानांचा ग्रंथ काढील आणि तो वाचनीयही होईल. पण ‘वाडा’ने तो काळ आधीच गिळून पचवलेला आहे. नाटकाला हे तंत्र इब्सेनपासून ठाऊक आहे: पडदा उघडायच्या आत अर्धी गोष्ट झालेली असते, आणि रंगमंचावर जे घडतं ते त्या झालेल्याचं फळ. अशा नाटकाची मागची गोष्ट वेगळी लिहिली की ती फक्त लांबलेली पहिली पाच मिनिटं होते.

एलकुंचवारांना ते दिसलं असावं. ते मागे न जाता पुढे गेले. तिन्ही नाटकं एकत्र रंगभूमीवर आली ती 1994 मध्ये, चंद्रकांत कुलकर्णींच्या दिग्दर्शनाखाली, ‘आविष्कार’तर्फे. तिन्ही भाग सलग, आठ-नऊ तासांचा प्रयोग. मधे जेवण, चहा, पाय मोकळे करणं, आणि पुन्हा त्याच वाड्यात. मराठी प्रेक्षकाला रात्रभराचं दशावतार किंवा तमाशा परका नव्हता, पण गंभीर नाटकासाठी दिवस देणं हे नवं होतं. दोन दशकांनी कुलकर्णींनीच ‘वाडा’ आणि मग ‘मग्न तळ्याकाठी’ व्यावसायिक रंगभूमीसाठी पुन्हा बसवली, वेगवेगळी तिकिटं, वेगवेगळ्या संध्याकाळी. दोन्ही पद्धतींत नाटकं तीच राहतात, प्रश्न बदलतो. सलग पाहणाऱ्याला दुसरा भाग पहिल्याच्या तोडीचा आहे का, असं विचारायला सवडच मिळत नाही. तो एकाच लांब श्वासात असतो. तिकीट काढून दुसऱ्या वर्षी आलेला प्रेक्षक मात्र पहिल्याची आठवण पदरात बांधून येतो आणि पहिल्या प्रवेशापासून माप लावायला लागतो.

त्या मापाने ‘मग्न तळ्याकाठी’ कुठे उतरतं? दहा वर्षं लोटलीत. वाड्यात पैसा परत आलाय, पण तो शेतीतून आलेला नाही, आणि तो सरळ वाटेने आला असेल असं कुणाला वाटत नाही. पैसा आणलाय परागने, भास्करच्या मुलाने. पहिल्या नाटकात हा पराग कडेला होता, पिणारा, कामाचा नसलेला, घरच्यांनी सोडून दिलेला पोरगा. इथे तो मध्यावर येतो. त्याची बायको नंदिनी, मुंबईहून आलेला सुधीरचा मुलगा अभय, आणि दोन चुलतभावांमधलं ते तळ्याकाठचं गूढ, अर्धं बोललेलं सख्य. हे नाटक पहिल्याइतकं घट्ट विणलेलं नाही. पहिल्यात प्रत्येक वस्तू, ट्रॅक्टर, पेटी, चूल, काम करत होती. इथे माणसं अधिक बोलतात आणि वस्तू मागे सरतात. पण एक गोष्ट हे नाटक करतं, आणि ती माझ्या लेखी तोडीचं असण्यापेक्षा मोठी आहे: ते वाचून झाल्यावर ‘वाडा’ तसंच्या तसं वाचता येत नाही. आता नजर भास्कर-सुधीरच्या भांडणावर न थांबता मागे दारात उभ्या परागकडे जाते. तो भांडण ऐकतोय. मोठ्यांनी प्रतिष्ठेचा हिशेब कसा केला, ते तो पाहतोय. ‘वाडा’ ही त्याची मागची गोष्ट होऊन बसते, नऊ वर्षं आधी लिहिलेली.

अकुतामीच्या ‘शून्य’ क्रमांकाचं झालं तेच इथे, फक्त कुणी क्रमांक बदलला नाही.

‘युगान्त’बद्दल मत देणं अवघड आहे, आणि सोयीचं तर मुळीच नाही, कारण 2002 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याच्याच नावावर आहे. (योगायोगाने इरावती कर्व्यांच्या महाभारतावरच्या ‘युगान्त’लाही हाच पुरस्कार 1968 मध्ये मिळाला होता. मराठीत या शीर्षकाला यश येतं म्हणायचं.) दुष्काळ आहे, पाणी नाही, गाव उठून गेलंय. पराग आणि अभय, आता वयाने उतरलेले, बोलत बसतात. वास्तवाची कड सुटते आणि नाटक चिंतनाकडे सरकतं. रंगमंचावरचं नाटक म्हणून मला ते तिघांत सर्वांत अशक्त वाटतं. पहिल्या दोन नाटकांत जे कृतीतून कळलं ते इथे उच्चारून सांगितलं जातं, आणि अभयच्या तोंडी येणारं शहाणपण कधी कधी लेखकाचंच वाटतं. पुण्या-मुंबईच्या वाचकाने इथेच थांबावं आणि माझ्याशी सहमत व्हावं.

यवतमाळच्या वाचकाला थांबता येत नाही. ‘वाडा’ आलं त्याच्या पुढल्या वर्षी, 19 मार्च 1986 ला, या जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने बायको-मुलांसह जीव दिला. दरवर्षी त्या दिवशी आजही महाराष्ट्रात ठिकठिकाणी माणसं अन्नत्याग करतात. ‘युगान्त’ रंगभूमीवर येईपर्यंत ती घटना एकटीदुकटी होती. मग पुढच्या दशकात आत्महत्यांच्या बातम्यांत यवतमाळचं नाव येऊ लागलं ते जायचं नावच घेईना. 2006 मध्ये पंतप्रधान विदर्भात येऊन गेले, सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्यानंतर ‘युगान्त’ वाचताना त्यातला दुष्काळ प्रतीक वाटत नाही. समीक्षेच्या भाषेत ज्याला अतिशयोक्ती म्हटलं असतं ती तालुक्याच्या नकाशावर दाखवता येते. म्हणजे ‘युगान्त’लाही एक पुढचा भाग मिळाला, तो कुणी लिहिलेला नव्हता, आणि त्याने ‘युगान्त’ला मागची गोष्ट करून टाकलं. यामुळे ते नाटक म्हणून सुधारत नाही. दुसऱ्या वाचनात ते जड मात्र होतं, आणि त्याचं अशक्तपण मी पहिल्याइतक्या खात्रीने सांगू शकत नाही.

एक उणीव तिन्ही नाटकांत आहे आणि ती सांगून टाकतो. वाड्यातली माणसं जवळपास सगळी घरचीच. ज्यांनी ती जमीन कसली, ज्यांच्या बायका या परसात भांडी घासून गेल्या, ते बोलायला येत नाहीत. एलकुंचवारांनी आपल्याला ठाऊक असलेलं घर लिहिलं आणि ठाऊक नसलेल्याची सोंगं आणली नाहीत, हा त्यांचा प्रामाणिकपणा. पण वाड्याची खरी मागची गोष्ट कुणी लिहायची राहिली असेल तर ती या दारामागची आहे. त्या लेखकाला एलकुंचवारांशी स्पर्धा करावी लागणार नाही. त्याचा तात्याजी वेगळाच असेल.

थोडी सुरुवात झालीही आहे. 2019 च्या जानेवारीत यवतमाळला 92 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. याआधी 1973 मध्ये ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली ते इथे झालं होतं. नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण परत घेतल्यावरून मोठं वादळ उठलं, आणि शेवटी उद्घाटन केलं ते वैशाली येडे यांनी. कळंब तालुक्यातल्या राजूरच्या, नवऱ्याने आत्महत्या केलेल्या शेतकरी बाई. व्यासपीठावर येण्याआधीच त्या रंगमंचावर उभ्या राहिलेल्या होत्या: श्याम पेठकरांनी लिहिलेलं आणि हरीश इथापेंनी बसवलेलं ‘तेरवं’ हे नाटक, ज्यात शेतकऱ्यांच्या विधवाच काम करतात. देशपांड्यांच्या घरात तेरवीच्या जेवणावळीसाठी भाऊ भांडतात. इथे बाया विचारतात की तेराव्या दिवसानंतर चौदाव्या दिवशी काय शिजवायचं. दोन्ही नाटकं एकाच आठवड्यात वाचावीत, म्हणजे वऱ्हाडातलं एक मरण दोन घरांत कसं कसं उतरतं ते दिसेल.

वाचनाचा क्रम मात्र मी पुस्तकातलाच सुचवणार नाही. ज्यांनी यातलं एकही नाटक पाहिलेलं नाही त्यांनी ‘मग्न तळ्याकाठी’पासून सुरुवात करावी. पराग कोण, त्याच्यात एवढा राग कुठून आला, हे कळणार नाही, आणि न कळणंच इथे उपयोगाचं. मग ‘वाडा’ घ्यावं आणि त्याला परागच्या बाजूने वाचावं. ‘युगान्त’ शेवटी, आणि शक्यतो उन्हाळ्यात.